नाकातले दहा ग्रॅम

साचेकाकांना प्लास्टिकची विमानं जोडायची नवी किट आवडत नसत. काटकसर म्हणून ते जुनी, स्वस्तातली विमानं घेतात असा त्यांच्या लेकीचा समज होता, त्यामुळे वाढदिवसाला ती एखादं महागडं, चकचकीत किट पाठवून द्यायची. काका डबा उघडून बघत, "छान आहे, छान आहे" म्हणत आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात सारून देत. त्यांचं म्हणणं असं, की नव्या किटमध्ये माणसाला करायला काही ठेवलेलंच नसतं. दोन तुकडे समोरासमोर धरले की टक्कन बसतात. मग आपण काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?

जुन्या किटचं तसं नाही. साचे चाळीस-पन्नास वर्षांचे, झिजून गेलेले. तुकड्यांच्या कडेला प्लास्टिकचे पापुद्रे आलेले, एक पंख दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर आखूड, धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी अबोला धरलेले. आत बसवायचा वैमानिक म्हणजे एक गोळा आणि त्याला दोन खांदे. काकांना हेच हवं असायचं. चौतीस वर्षं त्यांनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यावर काका दात बसवायचे. साचेकाका हे नाव तिथलंच. जगात एकही जबडा सरळ नसतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. न बसणारी वस्तू घासायची, भरायची, पुन्हा घासायची आणि बसवायची, यात सगळी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर हात काही स्वस्थ बसेनात.

घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर कानशी, चिमटे, पॉलिश पेपरचे तुकडे, पुट्टीची ट्यूब आणि कामावरून आणलेला छोटा वजनकाटा, जो किलोच्या आत ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा दाखवायचा. भिंतीवरच्या फळीवर एकसष्ट विमानं. दहा ते एक ही कामाची वेळ, आणि ती वेळ चुकलेली शेजाऱ्यांनीही कधी पाहिली नव्हती.

हे काम काका एकटे करत नसत. अगदी जवळचं बघायचा भिंगाचा चष्मा चढवला की त्यांना कागदावरचं बारीक अक्षर दिसेना, आणि तो काढला की तुकडा दिसेना. म्हणून सूचनांचा कागद काकूंकडे. काकू टेबलाशेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायच्या, हातात पेन्सिल. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या; आवाज अजून तसाच, शब्दन् शब्द सुटा. "पायरी तीन. आसनं आणि वैमानिक बसवा." काका बसवायचे, म्हणायचे, "झाली." काकू पेन्सिलीने खूण करायच्या. ती खूण झाल्याखेरीज काका पुढच्या तुकड्याला हात लावत नसत. एकसष्ट विमानं अशीच झाली होती.

गेल्या वर्षी काकूंचं मोठं आजारपण निघालं. ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा वेळा ते जहाल औषध शिरेतून द्यायचं ठरलं होतं; चार वेळा देऊन झालं, दोनदा राहिलं. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी काकूंच्या तोंडावर सांगितलं होतं, "वजन त्रेचाळीसच्या खाली गेलं तर मी औषध देणार नाही. शरीराला झेपणार नाही. आणि मध्ये थांबलो, तर आधीच्या चारचा उपयोग झाला असं समजू नका."

तेव्हापासून घरातला मोठा वजनकाटा, तो जुना, गोल तबकडीचा आणि काट्याचा, न्हाणीघरातून निघून बाहेरच्या बोळकंडीत आला. दर सोमवारी सकाळी आंघोळ झाली की चहाच्या आधी काकू त्यावर उभ्या राहायच्या, काका वाकून आकडा वाचायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. पंचेचाळीस. पुन्हा पंचेचाळीस. त्या आकड्यावर दोघांचा आठवडा चालायचा. कमरेतली कळ मात्र औषधाने काही हटत नव्हती. काकू उठता-बसता खुर्चीच्या दांड्याला धरायच्या आणि "काही नाही, काही नाही" म्हणायच्या.

टपालाचं विमान, म्हणजे पूर्वी टपाल नेणाऱ्या विमानाचं किट, त्याच सुमारास आलं. किटच्या दुकानात मागच्या भागात एक पुठ्ठ्याचं खोकं असायचं, चेपलेल्या डब्यांचं. काका त्यात अर्धा-अर्धा तास डोकं घालून उभे राहत. "काका, आत दिवा लावून देऊ का?" दुकानदार म्हणायचा. त्या दिवशी काकांनी हा डबा बाहेर काढला, तेव्हा तो म्हणाला, "याला नाकाखाली चाक आहे हं. वजन विसरलात तर बूड टेकून बसेल."

"मला शिकव," काका म्हणाले.

ज्याने आयुष्यात एकही विमान केलं नाही त्याला हे सांगायला हवं. काही विमानांना दोन चाकं पंखांखाली असतात आणि एक नाकाखाली. खऱ्या विमानात पुढे यंत्रं असतात, ती शेपटीला तोलून धरतात. प्लास्टिकच्या विमानात पुढे काय असणार? पोकळी. मग शेपूट जड होते, नाक आकाशाकडे जातं आणि विमान मागच्या भागावर बसकण मारतं. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी नाकात शिशाचे छर्रे घालून घट्ट बसवायचे. एकदा धड बंद झालं की संपलं. हा धंदा करणारा प्रत्येक माणूस ही चूक एकदा करतो, आणि आपण करणार नाही असं प्रत्येकाला वाटत असतं.

गुरुवार होता, साडेअकराचा सुमार. काकूंनी चौथी पायरी वाचली, खूण केली. सकाळच्या गोळीने त्यांच्या पापण्या जड झाल्या होत्या. काका तुकड्याची कड घासत होते, जरा वेळाने काकूंचा आवाज आला, "पायरी सहा. धडाचे दोन भाग जोडा." काकांनी गोंद लावला, भाग जोडले, वर रबरबँड चढवले. "झाली," म्हणाले. आकड्याकडे त्यांचं लक्ष गेलंच नाही. काकूंनी खूण केली.

पुढच्या आठवड्यात सांध्यात पुट्टी भरून झाली, घासून झाली, चाकं लागली. चाकांचा गोंद सुकेपर्यंत विमान एका हाताने धरून ठेवायचं होतं, तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर सरकवून सहज कागद उचलला. चारसमोर खूण होती. सहासमोर होती. पाचसमोर नव्हती. पाच म्हणजे, नाकात दहा ग्रॅम वजन बसवा.

"अगं, पाच नंबर राहिला."

"राहिला म्हणजे?"

"नाकात वजन घातलंच नाही आपण."

काकूंचा चेहरा उतरला. "माझा डोळा लागला असेल हो तेव्हा."

"तुझा डोळा लागला, पण माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? एकसष्ट विमानं केली मी." काका स्वतःवरच वैतागले होते. विमान खाली ठेवून त्यांनी हात काढला, बूड टेकताना बघायला.

विमान बसलं नाही. तीन चाकांवर नीट उभं राहिलं.

काकांनी शेपटीवर बोट ठेवून दाबलं. नाक वर उचललं गेलं. बोट काढताच खाली आलं, चाक टेबलावर टिक् करून वाजलं.

"बघा, उगीच स्वतःला बोल लावून घेता," काकू म्हणाल्या. "घातलं असेल तुम्ही, आणि विसरला असाल."

छर्ऱ्यांची पुडी टेबलाच्या खणात होती. तिचं कागदी सील तसंच होतं. काकांनी ती पुडी उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून दिली. जुन्या किटचं काही सांगता येत नाही. एखाद्या साच्यात नाकाकडचं प्लास्टिक जाड उतरत असेल. कामाचा माणूस कारण शोधतो आणि मिळालं की पुढे जातो. काकाही गेले.

त्या दिवशी आणखी एक झालं. काकू पेपर आणायला आपण होऊन खाली उतरल्या आणि तीन मजले न थांबता चढून आल्या. "आज कंबर बोलतच नाहीये," म्हणाल्या. खुर्चीत बसताना त्यांनी दांडा धरला नाही. काकांना इतका आनंद झाला, की त्या दिवशी एकला संपणारं काम बारालाच संपलं आणि दोघं चांगली तासभर बाहेर फिरून आली.

सोमवारी काटा पंचेचाळीसच्या अलीकडे थांबला. "साडेचव्वेचाळीस," काका म्हणाले. "चष्मा पुसा आधी," काकू म्हणाल्या. काकांनी पुसला, तरी साडेचव्वेचाळीसच.

त्याच दिवशी दहा वाजता काकांनी रंग द्यायला विमान उचललं, आणि त्यांचं मनगट किंचित खाली गेलं. चौतीस वर्षं कवळ्यांची पावडर तळहातावर जोखलेल्या माणसाचा हात सहसा फसत नाही. त्यांनी फळीवरचं तेवढ्याच आकाराचं दुसरं विमान काढून छोट्या काट्यावर ठेवलं. चोपन्न ग्रॅम. मग टपालाचं विमान ठेवलं. पाचशे चोपन्न.

काट्याखाली काही अडकलंय का ते पाहिलं. शून्य करून पुन्हा ठेवलं. पाचशे चोपन्न. कानाशी धरून हलवलं. आत काही वाजत नव्हतं. खिडकीशी नेऊन वैमानिकावरच्या पारदर्शक टोपीतून आत पाहिलं. गोळा आणि दोन खांदे, पलीकडे अंधार.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. रंग पातळ झालाय," काका म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या खोलीत ते तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि का बोललो हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

बुधवारी सातशे भरलं. शुक्रवारी नऊशे. पुढच्या सोमवारी काकू वजनाला उभ्या राहिल्या. काटा चव्वेचाळीसवर होता. काकांनी कॅलेंडरवर लिहिलं, खोलीत गेले आणि विमान छोट्या काट्यावर ठेवलं. काट्यावर आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा आल्या. किलोच्या वरचं त्याला कळत नसे. मग काका स्वयंपाकघरातला काटा घेऊन आले. एक किलो चोपन्न ग्रॅम.

पंचेचाळीसातून चव्वेचाळीस गेले की एक उरतो. याला काही कागद-पेन्सिल लागत नाही. तरी काकांनी कागद घेतला, आकडे एकाखाली एक मांडले, मागच्या सोमवारचे आणि आजचे. दोन्ही वेळा हिशोब जमला. काकांना भीती वाटली. आजारपणातली भीती त्यांच्या ओळखीची झाली होती. ही नवी होती, आणि कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार, की बाई, आमचं विमान जड होतंय?

"अहो, हा काटा इथे कशाला आणलाय?" काकू दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या हे काकांना कळलं नव्हतं. हल्ली त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे.

"रंग मोजायला."

"रंग," काकू म्हणाल्या. थोडा वेळ त्या विमानाकडे बघत राहिल्या. "देखणं झालंय पण."

काकू खात नव्हत्या असं म्हणायलाही जागा नव्हती. सकाळी दोन अंडी, दुपारी पोटभर जेवण, मध्ये फळं, दूध. डॉक्टरीणबाई फोनवर चिडल्या. "खातायत, झोपतायत, दुखत नाही म्हणतायत, मग वजन जातंय कुठे?" काकांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. औषधाची तारीख पंधरा दिवसांवर होती, मंगळवारची.

आणि काकू खरोखर मजेत होत्या. कंबर दुखत नव्हती. त्या गुणगुणत काम करायच्या, लेकीशी फोनवर हसून बोलायच्या. "इतकं हलकं वाटतंय ना," त्या म्हणायच्या, आणि काका तोंड फिरवून कानस शोधायला लागायचे. त्या खुर्चीत बसल्या की आताशा गादी दबत नसे. इकडे टेबलावर विमानाच्या तीन चाकांखाली लाकडात तीन खळगे पडले होते. चाकांचे पाय काडेपेटीच्या काडीएवढे. एवढ्या भाराखाली ते कधीच मोडायला हवे होते, पण वाकलेसुद्धा नव्हते.

एका सकाळी काकांनी विमान फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता. पुलाच्या मध्यावर थांबून त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवली. खाली पाणी गढूळ आणि संथ होतं. मागून सायकली जात होत्या. काकांनी हात सैल करायला घेतला आणि त्यांच्या मनात आलं, हे जर तिचं असेल, तर मी टाकतोय काय? त्यांनी पिशवी उचलली, पोटाशी धरली आणि तशीच घरी आणली.

"कुठे गेला होतात?"

"फिरायला."

"पिशवी घेऊन?"

काका पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले. 

त्या सोमवारी वजन साडेबेचाळीस भरलं. पुढच्या सोमवारी, औषधाच्या आदल्या दिवशी, एकेचाळीस.

काकू काट्यावरून उतरल्या आणि बोळकंडीतल्या स्टुलावर बसल्या. आजवर त्या रडल्या नव्हत्या, ऑपरेशनच्या दिवशीही नाही. "दोनच राहिले होते हो," त्या म्हणाल्या. "चार वेळा सोसलं मी ते. केस गेले, चव गेली. आता उद्या बाई मला परत पाठवणार. म्हणजे ते सगळं फुकटच ना?"

काकांनी तिला हाताला धरून उठवलं. "तू खोलीत चल," ते म्हणाले. "खुर्चीत बस."

"आत्ता? चहा तरी—"

"चहा मागून."

टेबलाशी आल्यावर त्यांनी खणातून हातड्रिल काढलं. काल रात्रीपासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. विमानाने मागितलं काय होतं? दहा ग्रॅम. ते आपण दिले नाहीत. बाकी त्यांना काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. न बसणारी वस्तू बसवायची, एवढंच त्यांना येत होतं.

त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचललं, पालथं केलं आणि उशीवर ठेवलं. उशी खोल दबली. नाकाच्या चाकामागे हातड्रिलचं टोक टेकवून ते बोटांनी सावकाश फिरवायला लागले. प्लास्टिकचे पांढरे कीस निघाले. टोक आत गेलं. आतून काही आलं नाही. वास नाही, हवा नाही. काकांनी भोक मोठं केलं, पुडीचं सील तोडलं आणि छोट्या काट्यावर छर्रे मोजले. दहा ग्रॅम. चिमट्याने एकेक करून आत सोडले. वरून गोंद ओतला, भोक बुजवलं.

"आता पाच नंबर वाच."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते. "माझी कसली थट्टा—"

"वाच गं."

काकूंनी पाठीमागच्या फळीवरून कागद घेतला, पेन्सिल घेतली. आवाज एक्स्चेंजमधला, सुटा, स्वच्छ. "पायरी पाच. नाकात दहा ग्रॅम वजन बसवा."

"झाली."

काकूंनी खूण केली.

टेबल करकरलं. कुणी त्यावर हात टेकून उठावं, तेवढंच.

काकांनी विमान उचललं. ते एकदम वर आलं, इतकं की त्यांचा हात खांद्यापर्यंत गेला. छोट्या काट्यावर ठेवलं. चौसष्ट ग्रॅम. चोपन्न आणि दहा.

"चल," ते म्हणाले. "परत उभी राहा."

"आत्ताच तर राहिले."

"एकदा राहा. माझ्यासाठी."

काकू बोळकंडीत आल्या, चपला काढून काट्यावर चढल्या. काका गुडघे टेकून बसले. काटा थरथरला, पुढे गेला, थांबला.

पंचेचाळीस.

काकांनी आकडा पुन्हा वाचला. त्यांना रडू येत होतं. काकूंनी स्वतः वाकून पाहिलं, मग हसल्या. "मघाशी काटाच अडकला असेल. आणि मी वेडी रडत बसले. चहा टाकते आता." त्या उतरल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पावलांचा आवाज आला नाही.

काका उठायला लागले आणि त्यांची नजर तबकडीवर गेली.

काटा शून्यावर आलेला नव्हता. तो चारवर होता.

त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा चारवरच. त्यांनी काट्याच्या फळीचा कोपरा दोन बोटांनी दाबला. काटा पाचवर गेला. बोटं काढली, पुन्हा चारवर आला. म्हणजे अडकलेला नव्हता.

स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं. कमरेत कळ असती तर तिने गुणगुणलं नसतं, हेही काकांच्या मनात आलं.

काटा दोनवर आला.

तिथे क्षणभर थांबला.

मग शून्यावर आला. कुणी उतरावं तसा. आधी एक पाय, मग दुसरा.

काका गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. "अहो, निवतोय चहा," काकूंनी हाक मारली. तेव्हा ते उठले आणि भिंतीला खांदा घासत, बोळकंडीची मधली जागा मोकळी ठेवून आत गेले.

मंगळवारी हॉस्पिटलमध्ये नर्सने काकूंना मशीनवर उभं केलं. आकडा लाल दिव्यांत उमटला, पंचेचाळीस. नर्सने तो लिहिला आणि लगेच पाठ वळवली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "बघा, मनावर घेतलं की भरतं," म्हणाल्या. मग कागदावर सही करताना त्यांनी वर पाहिलं. "काका, तुम्ही काही म्हणत होतात?"

खरं वजन एकेचाळीसच होतं, हे त्या इमारतीत एकट्या काकांना ठाऊक होतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या पलंगावर ताठ बसल्या होत्या, बाही वर करून, तयार.

"नाही," काका म्हणाले. "काही नाही."

औषध दोन तास चाललं. काकूंना या खेपेला त्रास असा झालाच नाही. त्यांनी मधल्या वेळात पेपर वाचला, शेजारच्या बाईला हसवलं. "सहावंही असंच जाऊ दे," त्या म्हणाल्या. बाहेर ऊन होतं. काकांनी टॅक्सी थांबवली, मागचं दार उघडलं. काकू आत शिरल्या आणि पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकल्या.

"अहो, दार काय धरून उभे राहिलात? या ना आत."

"आलो," काका म्हणाले, आणि तसेच थांबले. काकूंच्या शेजारचं सीट रिकामं होतं. जरा वेळाने त्याचं रेक्झिन मध्यभागी हळूच दबलं. तेव्हा त्यांनी कुणाचं काही चेंगरणार नाही अशा बेताने दार लावलं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.